बाबांची बारा नाणी सहा-सहा वाटण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमचे बाबा १९९८ ते २०१० सिंगापूरला शिपयार्डमध्ये होते, १९९९ पासून दरवर्षी चायनीज न्यू इयरला त्यांनी त्या वर्षाच्या प्राण्याचं एक चांदीचं नाणं घेतलं, अशी बारा झाली. बाबा मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. नाणी आईंकडे नाशिकला आहेत, त्या दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडतात आणि त्याआधी रांगोळीने घासून लख्ख करतात. तुम्ही आणि भाऊ सहा-सहा वाटून घेताय, भावाला ड्रॅगन हवाय कारण त्याचा मुलगा २० जानेवारी २००० चा. सराफाने सगळी वजनावर घ्यायची तयारी दाखवली, फक्त उंदराचं नाणं बाजूला काढलं, ते इतरांपेक्षा मोठं आणि पातळ आहे म्हणून नकली म्हणाला. ड्रॅगन काळा पडलाय, बैलावर पांढरे ठिपके आलेत, ते कसे घालवायचे हेही विचारलंय.

तुम्ही विचारलंय साफ कशी करू आणि किती मिळतील. पण मला यातला खरा प्रश्न वाटण्यांचा वाटतो. सहा-सहा म्हणजे निम्मं-निम्मं असं तुम्ही दोघांनी धरलंय, आणि या नाण्यांच्या बाबतीत ते तसं होत नाही. बारा नाण्यांत चांदी सारखीच असते, किंमत सारखी नसते. त्यामुळे आधी काय आहे ते ओळखू, मग साफसफाई आणि वाटण्या.

मी स्वतः २००१ ते २००९ सिंगापूरला होते, तिथेच या नाण्यांचा नाद लागला, आणि परत आल्यापासून पुण्यात राहून नाणी बघणं, घेणं-देणं, लोकांच्या घरातले डबे उघडून यादी करून देणं हेच करते. तुमच्या बाबांसारखे खूप लोक तिथे भेटले. फेब्रुवारीच्या आसपास पगारातून एक नाणं घ्यायचं, आंगबाओत, म्हणजे चिनी लोक सणाला पैसे घालून देतात त्या लाल पाकिटात घालायचं आणि सुट्टीवर जाताना घरी न्यायचं. म्हणून तुमचा फोटो बघताच ओळखीचं वाटलं.

तुम्ही टाकलेल्या फोटोवरून ही ऑस्ट्रेलियाच्या पर्थ मिंटची ल्युनर मालिका आहे, म्हणजे चिनी वर्षांच्या बारा प्राण्यांची. ही टांकसाळ १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून सुरू झाली, १९७० पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया सरकारची आहे. ल्युनरची सोन्याची नाणी १९९६ ला उंदरापासून सुरू झाली, पण चांदीची सुरू झाली १९९९ ला सशापासून. म्हणजे चांदीच्या पहिल्या मालिकेचा क्रम असा: १९९९ ससा, २००० ड्रॅगन, २००१ साप, २००२ घोडा, २००३ बोकड, २००४ माकड, २००५ कोंबडा, २००६ कुत्रा, २००७ डुक्कर, २००८ उंदीर, २००९ बैल, २०१० वाघ. तुमच्या बाबांची वर्षं या बारा वर्षांवर तंतोतंत बसतात, हे दिसलं तेव्हा खरंच भरून आलं, कारण एकही वर्ष न चुकवता बारा वर्षं प्राण्यांची नाणी घेणारी माणसं फार नसतात.

आता उंदीर. सराफाला तो नकली वाटला कारण त्याला एक गोष्ट माहीत असायचं कारणच नाही. २००८ मध्ये पर्थ मिंटने दुसरी मालिका सुरू केली आणि पहिली चांदीची मालिका अजून चालूच होती, त्यामुळे २००८, २००९ आणि २०१० अशी तीन वर्षं त्याच प्राण्याची दोन-दोन नाणी निघाली, एक जुन्या मालिकेचं आणि एक नव्या. जुन्या मालिकेतल्या एक औंसाच्या नाण्याचा व्यास ४०.६ मिलिमीटर, नव्याचा ४५.६. चांदी तेवढीच, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, मग व्यास वाढला की नाणं पातळ होणारच. तुम्ही ‘मोठं आणि पातळ’ लिहिलंय तेच त्याचं लक्षण आहे. बाबांनी त्या वर्षी दुकानात जे नवीन दिसलं ते घेतलं असणार आणि पुढच्या वर्षी परत जुन्या मापाचा बैल घेतला. म्हणजे उंदीर माझ्या मते अस्सल आहे, फक्त दुसऱ्या मालिकेतला पहिला आहे. याचा दुसरा अर्थ असा की तुमच्याकडे पहिल्या मालिकेतली अकरा नाणी आहेत, बारा नाहीत. हे विकताना महत्त्वाचं ठरतं, पुढे येईन त्यावर.

फोटोवरून मी ‘माझ्या मते’ इतकंच म्हणू शकते. खात्री तुम्ही घरीच करू शकता आणि करायलाच हवी, उंदराची तर कराच पण ड्रॅगनची आधी करा, कारण नकली सगळ्यात जास्त ड्रॅगनचीच बनतात. माझंच सांगते. २०१२ च्या ड्रॅगनला फार मागणी होती, पर्थने एक औंसाची ३,००,००० काढली ती सगळी संपली, आणि त्यानंतर मी एका प्रदर्शनात एकाच्या टेबलावरून तीन घेतले. कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या गोल प्लास्टिकच्या डबीत होते, दिसायला उत्तम, गर्दी होती म्हणून वजन केलं नाही. घरी येऊन काट्यावर ठेवले तर दोन ३१ च्या वर आणि तिसरा २६ ग्रॅम. आत तांबं होतं. तेव्हापासून छोटा काटा पर्समध्ये असतो, आणि काट्यावर ठेवू दिलं नाही तर मी नाणं घेत नाही.

सोनारकामाला वापरतात तो खिशात मावणारा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. नाणं हाताळताना खाली मऊ टॉवेल अंथरा, हात साबणाने धुऊन कोरडे करा, फक्त कडेला धरा, तोंडावर बोट लागू देऊ नका. वजन ३१.१ किंवा किंचित जास्त यायला हवं, पर्थची नाणी कमी भरत नाहीत. एकतीसच्या खाली आलं तर शंका घ्या. व्यास मोजायला व्हर्नियर असेल तर उत्तम, प्लास्टिकचा घ्या म्हणजे ओरखडा येत नाही.

वजन बरोबर आलं तरी मन साशंक असेल तर पाण्याची चाचणी करा, ही मला सगळ्यात आवडते कारण हिला फसवणं अवघड आहे. काट्यावर छोट्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर ठेवा, काटा शून्य करा, नाण्याला शिवणाचा बारीक दोरा गुंडाळून ते पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूला टेकणार नाही असं हातात लोंबतं धरा. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. चांदीची घनता साधारण १०.५, म्हणून ३१.१ ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला २.९६ च्या आसपास आकडा येतो. तेवढ्याच वजनाचं तांबं असेल तर ३.४७ च्या जवळ, पितळ असेल तर ३.६ च्या वर. दोन-तीनदा करून बघा, हात हलतो. मग नाणं मऊ सुती कपड्यावर ठेवून नुसतं टिपा, पुसू नका. लोहचुंबकाची चाचणी लोक सांगतात ती वाईट नाही, तांबं-पितळसुद्धा चुंबकाला चिकटत नाही एवढं फक्त लक्षात ठेवा, म्हणजे ‘चिकटलं नाही म्हणून चांदी’ असं होत नाही. आणि डोळ्यांनी एक तपासणी: नाण्याच्या दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ राणी असते, तिचं जे चित्र २०१९ पासून आलं ते जर २००० लिहिलेल्या नाण्यावर दिसलं तर काटा काढायचीही गरज नाही.

सराफाकडे जाताना मात्र सांभाळा. कसोटीच्या दगडावर कस लावू देऊ नका, कडेला घासलं की नाण्याचं नुकसान झालं, मग ते कितीही अस्सल असो. आता बहुतेक मोठ्या पेढ्यांत मशीन असतं, नाणं न घासता टंच सांगतं, तेच करायला सांगा. सराफ वाईट माणूस आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्याचा धंदा धातूचा आहे, तो धातू बघतो. बारा नाणी म्हणजे ३७३ ग्रॅम चांदी. हिशोबाला सोपा म्हणून १०० रुपये ग्रॅम भाव धरला तर ३७,३०० रुपये, त्यातून तो १० टक्के घट धरणार, म्हणजे साडेतेहतीस हजार. भारतीय हॉलमार्क नाही, परदेशी छाप आहे, म्हणून आणखी थोडं कापेल. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. फक्त त्या हिशोबात ससा, ड्रॅगन, वाघ हे कुठेच येत नाहीत.

मग नाण्याची वेगळी किंमत कशामुळे होते? तर किती निघाली, किती लोकांना ती हवी आहेत आणि तुमच्याकडचं कुठल्या अवस्थेत आहे, यावर. पहिल्या मालिकेच्या एक औंसाच्या नाण्याला दरवर्षी ३,००,००० ची मर्यादा होती. प्राण्यांत ड्रॅगनला सगळ्यात जास्त मागणी, कारण चिनी लोकांत तो सगळ्यात शुभ मानतात, आणि ही मागणी सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, चीन अशी सगळीकडून येते. माझ्या टेबलावरचा अनुभव सांगायचा तर २००० चा ड्रॅगन चांगल्या अवस्थेत असेल तर तो डुक्कर किंवा बोकडाच्या कितीतरी पट जातो, आणि पहिली तीन-चार वर्षं शेवटच्या तीन-चार वर्षांपेक्षा जास्त विचारली जातात. पण चांदीचा भाव चढतो तेव्हा साध्या वर्षांच्या नाण्याची नाण्याची म्हणून किंमत आणि वितळवायची किंमत जवळजवळ येतात. त्या वेळी ओरखडलेलं डुक्कर सराफाला दिलं तर माझं मन अडखळणार नाही. ड्रॅगनबाबत मात्र हे लागू होत नाही.

ऑनलाइन अशा नाण्याचा जो आकडा दिसतो तो कोणीतरी मागितलेला असतो, कोणी दिलेला नसतो. मागणाऱ्याला काहीही मागता येतं. विकून झालेल्यांचे आकडे बघा, आणि तेसुद्धा तुमच्या अवस्थेच्या नाण्याचे. तिकडे जे चढे भाव असतात ते बहुतेक परदेशी ग्रेडिंग कंपनीने तपासून सील केलेल्या, ७० पैकी ६९-७० गुण मिळालेल्या नाण्यांचे असतात.

आता रांगोळी. आईंना हे सांगताना फार हळू सांगा, कारण त्यांनी ते नवऱ्याची आठवण म्हणून, देवाचं म्हणून मनापासून केलंय. पण रांगोळी ही दगडाची पूड आहे. चांदी मऊ असते, आणि या नाण्यांची ९९९ ची, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध, तर दागिन्यांच्या चांदीपेक्षाही मऊ. पुडीने घासलं की पृष्ठभागावर केसासारख्या हजारो बारीक रेघा पडतात. नुसत्या डोळ्याला नाणं लख्ख दिसतं, पण खिडकीजवळ तिरपं धरून दहा पटीचं भिंग लावा, प्राण्याच्या मागच्या सपाट जागेत गोल-गोल घासल्याची जाळी दिसेल. एका मावशींनी मला असाच डबा दाखवला होता, सोळा-सतरा वर्षं दर दिवाळीला घासलेली नाणी. घोड्याच्या आयाळीचे उंच भाग सपाट झाले होते, आणि कडेच्या खाचांत पांढरी रांगोळी घट्ट बसली होती, टाचणीनेही निघेना. ते परत येत नाही. टूथपेस्ट, विभूती, चिंच, बेकिंग सोडा आणि अॅल्युमिनियम फॉईलचा यूट्यूबवरचा प्रयोग, दुकानातलं सिल्व्हर डिप म्हणजे चांदी बुडवून उजळायचं द्रावण, हे सगळं घरातल्या समईला-ताम्हनाला ठीक आहे, नाण्याला नाही. डिप तर काळ्या थराबरोबर थोडी चांदीही घेऊन जातं आणि नाणं मेल्यासारखं फिकट दिसायला लागतं.

ड्रॅगन काळा का पडला हे मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकते. गंधकामुळे चांदी काळी पडते, आणि गंधक घरात कुठेही असतं: रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकर, काही मखमली डब्या. तुम्ही लिहिलंय की पाकिटाला रबर लावलेलं होतं आणि ड्रॅगन सगळ्यात वर होता. मग तेच कारण. तो काळेपणा म्हणजे नाण्याचं वय आहे, तो आहे तसा राहू द्या. घेणारा जाणता असेल तर त्याला काळा पण न घासलेला ड्रॅगन चालतो, पांढरा पण घासलेला चालत नाही. तुम्ही लिहिलंय की ड्रॅगनला आईंनी ‘काळा झालाय म्हणून पूजेत घेतला नाही’, म्हणजे तो रांगोळीतून वाचलाय! बारांतलं सगळ्यात मोलाचं नाणं नेमकं घासण्यातून सुटलं, कृपा करून आता त्याला हात लावू नका.

बैलावरचे पांढरे ठिपके वेगळे. त्याला मिल्क स्पॉट म्हणतात, दुधाचा थेंब सुकल्यासारखे दिसतात. नाणं छापायच्या आधी चकत्या धुतात, तापवतात, त्यात राहिलेल्या रसायनाच्या अंशामुळे ते येतात असं मानतात, आणि कधी कधी टांकसाळीतून निघाल्यावर बऱ्याच वर्षांनी उमटतात. म्हणजे तुमची किंवा आईंची यात काही चूक नाही. फक्त पर्थचं असं होतं असंही नाही, कॅनडाच्या नाण्यांना हा त्रास इतका होता की रॉयल कॅनेडियन मिंटने २०१८ मध्ये त्यासाठी खास प्रक्रिया आणली. नाण्याला धक्का न लावता हे ठिपके जात नाहीत. ज्यांनी प्रयत्न केले त्यांची नाणी मी बघितली आहेत, ठिपक्याच्या जागी चट्टा आला होता.

काढायचंच असेल तर एकच गोष्ट काढा, ती म्हणजे हळद-कुंकू आणि पंचामृताचा चिकटपणा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं काही तास ठेवा, पाणी बदला, परत ठेवा, चोळू नका. तेलकट किंवा हिरवट चिकट थर असेल तर केमिकलच्या दुकानातलं शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन त्यात बुडवून ठेवा, मग ताज्या अॅसिटोनमध्ये एकदा बुचकळून काढा, आपोआप सुकू द्या. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात वास आणि तेल असतं. खिडकी उघडी, गॅस बंद, देवाजवळची निरांजनं विझलेली, आणि कॅप्सूल दूर ठेवा कारण अॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं. आणखी एक, पर्थने याच नाण्यांच्या रंगीत आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या आवृत्त्याही काढल्या आहेत. तुमच्या फोटोत तशी दिसत नाहीत पण दुसऱ्या कोणी हे वाचून करणार असेल तर सांगते, रंगीत नाण्याला अॅसिटोन लावू नका, रंग उतरेल.

हिरवट थराचा अनुभव माझ्याच घरचा आहे. माझी पहिली सहा नाणी मी मऊ प्लास्टिकच्या पारदर्शक खिशांच्या अल्बममध्ये ठेवली होती, सिंगापूरहून आल्यावर अल्बम माळ्यावर गेला, दोन पावसाळ्यांनी काढला तर प्रत्येक नाण्याला हिरवट तेलकट थर. ते मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, दमटपणात त्यातून आम्ल सुटतं. चार वाचली, दोन कायमची खवली गेली. तेव्हा कडक प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल घ्या, अकरासाठी ४०.६ मापाच्या आणि उंदरासाठी ४५.६ ची वेगळी, एका मापात सगळी कोंबू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या असलेल्या कपाटात नको. बाबांची लाल पाकिटं टाकू नका, पण नाण्यांना चिकटून ठेवू नका, दमट हवेत तो लाल रंग सुटतो.

इथपर्यंतचं एका दमात: उंदीर बहुधा खरा आहे पण दुसऱ्या मालिकेतला, ड्रॅगन आधी तपासा आणि तसाच ठेवा, ठिपके सोडून द्या, रांगोळी बंद. आता वाटण्या.

भावाचा ड्रॅगनवरचा हक्क ज्या कारणाने आहे ते कारणच बरोबर नाहीये, आणि हे भांडण लावायला सांगत नाही, त्याच्याच मुलाला चुकीचा प्राणी मिळू नये म्हणून सांगते. चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. आपला पाडवा जसा दरवर्षी इंग्रजी तारखेने सरकतो तसंच त्यांचं, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कुठेतरी येतं. २००० साली ते ५ फेब्रुवारीला होतं. म्हणजे २० जानेवारी २००० ला जन्मलेला मुलगा ड्रॅगन नाही, ससा आहे, आणि त्याचं नाणं १९९९ चं. जानेवारी-फेब्रुवारीच्या बाळांच्या बाबतीत ही चूक सगळेच करतात, मी बारशाला नाणं द्यायला आलेल्यांना कायम आधी जन्मतारीख विचारते. २०२४ चं ड्रॅगन वर्ष १० फेब्रुवारीला लागलं, २०२५ चं सापाचं २९ जानेवारीला, २०२६ चं घोड्याचं १७ फेब्रुवारीला. भाच्याला सांगा, आजोबांनी घेतलेलं पहिलंवहिलं नाणं त्याचं आहे. मला विचाराल तर ते ड्रॅगनपेक्षा कमी नाही.

जाता जाता, बारा वर्षांचं हे चक्र आपल्याला परकं नाही. गुरूला सूर्याभोवती फिरायला बाराच्या आसपास वर्षं लागतात, नाशिकचा सिंहस्थ त्याच हिशोबाने येतो, आणि चिनी बारा वर्षांचा मेळही जुन्या काळी गुरूच्या त्याच गतीशी घातलेला. नाशिककरांना हे मी काय सांगणार.

दुसरं, आणि हे मला तुमच्या प्रश्नात खटकलं म्हणून स्पष्ट लिहिते. सहा आणि सहा यात आई कुठे आहेत? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी आणि मुलं यांचा सारखा वाटा असतो, म्हणजे तुमच्या घरात किमान तीन वाटे, दोन नाहीत, आणि आजी म्हणजे बाबांची आई हयात असतील तर चार. नाण्यांसाठी कोणी कोर्टात जात नाही हे मला कळतं, पण वर्षानुवर्षं ज्यांनी ती पूजेत मांडली त्यांना आधी विचारा की त्यांना काय वाटतं.

मग मार्ग काय, तर ते तुम्हाला पैशाची गरज किती आहे यावर आहे. गरज नसेल तर माझं मत ठाम आहे, बाराच्या बारा एकत्र आईंकडे राहू द्या, यादी करून तिघांच्या सह्या करा, पुढे काय करायचं ते पुढे ठरेल. वाटायचीच असतील तर संख्येवर वाटू नका. प्रत्येक नाण्यापुढे त्याची अंदाजे किंमत लिहा, घासलेल्याची वेगळी, न घासलेल्याची वेगळी, आणि मग बेरीज सारखी येईल असे वाटे पाडा. एकाकडे ड्रॅगन आणि दोन, दुसऱ्याकडे सहा-सात, असंही निघू शकतं आणि ते बरोबर असेल. मी बघितलेल्या एका वाटणीत दोन भावांनी चिठ्ठ्या टाकून सहा-सहा घेतली होती, ड्रॅगन आणि ससा एकाकडेच गेले, नंतर दुसऱ्याला भाव कळला आणि दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. मला बोलावलं तेव्हा नाणी तशीच होती, मी फक्त आकडे लिहून दिले.

विकायचंच असेल तर पहिल्या मालिकेचा पूर्ण संच करून विकायचा विचार करा. त्यासाठी तुम्हाला जुन्या मापाचा ४०.६ चा २००८ चा उंदीर लागेल, तो दुर्मिळ नाही, शोधला तर मिळतो. पण आठ-नऊ नाणी रांगोळीने घासलेली असतील तर संच पुरा करायला पैसे घालू नका, घासलेल्या संचाला संच म्हणून फार कोणी देत नाही. तेव्हा ड्रॅगन आणि जी दोन-तीन चांगली असतील ती सुटी, बाकीची घरात. भारतात या मालिकेचे गिऱ्हाईक कमी आहेत हे मान्य करायला हवं. मुंबई-पुण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनांत काहीजण भेटतात, खरी मागणी सिंगापूर आणि जर्मनीकडे. पण बाहेर पाठवायची असतील तर कुरियरवाल्याकडून आधी लेखी घ्या की तो नाणी घेतो का आणि कस्टमला काय कागद लागतो, साध्या पाकिटात टाकून पाठवू नका. ग्रेडिंगला पाठवायचं तर फक्त ड्रॅगन, आणि तेही मी किंवा दुसऱ्या कोणी जाणत्याने हातात घेऊन बघितल्यावर. जाण्या-येण्याचा आणि विम्याचा खर्च डुकरावर करण्यात अर्थ नाही.

इथे खाली प्रतिक्रियांत दोघांनी विचारलंय की आमच्याकडे चिनी १० युआनचं दोन धातूंचं ड्रॅगनचं नाणं आहे, त्याचे किती येतील. ते पूर्ण वेगळं आहे, चीनच्या मध्यवर्ती बँकेचं चलनातलं स्मारक नाणं, २०२४ चा ड्रॅगन १२ कोटी निघाला, चांदी अजिबात नाही. सुंदर आहे, मुलांना द्या, पण हजारोंनी घेऊ नका. तसंच सिंगापूरच्या १० डॉलरच्या प्राण्यांच्या नाण्यांत चांदीची आहेत आणि चांदी नसलेलीही आहेत, दिसायला सारखी, तेव्हा वर सांगितलेला काटा तिथेही काढा.

ताई, तुम्ही पुढे एवढंच करा. बाराही नाण्यांची वजनं आणि व्यास लिहा, प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा, एक फोटो तिरपा काढा म्हणजे घासल्याच्या रेघा दिसतील, आणि इथेच टाका. मी एकेकापुढे माझा अंदाज लिहून देईन, त्याचे पैसे नकोत. आणि दिवाळीला आईंची पूजा थांबवू नका. नाणी कॅप्सूलसकट चौरंगावर मांडा, हळद-कुंकू कॅप्सूलवर वाहा, दुसऱ्या दिवशी कॅप्सूल बाहेरून ओल्या फडक्याने पुसून टाका. आमच्या घरी आता असंच करतो.